बाळंतिणीची हवा

आबा,

मी लातुरात दवाखान्याबाहेर गाडीत बसले आहे आणि माय आत आहे. तिच्या हाताला सुई लावली, सलाईन चालू केली, त्यातून औषध सोडणार, आणि ते संपेपर्यंत थांबायचं. मी आतच बसत होते, पण सिस्टरनं हाकललं. "मावशी, तुम्ही घडीघडी उठून बाटलीकडं बघताव, बाकीचे पेशंट घाबरून राहिले. जरा बाहेर हवेत बसा." बाहेर कुठली हवा, नुसतं ऊन आहे. गाडीच्या खणात टायरवाल्याच्या जाहिरातीचे कागद सापडले, मागून कोरे. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून मी किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराकडं बघू नका. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात त्या वयाच्या पुढं मी केव्हाच निघून आले. आजच का लिहून राहिले ते कळेल तुम्हाला. घाई करू नका. मी तुम्हाला घाई करू नका म्हणते, हसू आलं असेल ना?

मायला रक्ताचा रोग झालाय. रोग रक्तातला, पण पोखरतो हाडं. डॉक्टरनं फोटो उजेडावर धरून दाखवला, पाठीचे मणके असे दिसत होते की जुन्या तुळईला भुंगा लागलाय. औषध लागू पडलं आहे, पण दर आठवड्याला द्यायचं, खाडा करायचा नाही. नांदेडात काय दवाखाने कमी आहेत का, पण या रोगाचा डॉक्टर आम्हाला इथं भेटला, मायचा त्याच्यावर जीव बसला, आणि गुण आला. मग कशाला बदलायचं? म्हणून आमचं नांदेड-लातूर चालू आहे. लोहा, माळाकोळी, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर. तुम्हाला माहीत असलेला रस्ता आता राहिला नाही. रुंद झाला, बराचसा सिमेंटचा झाला. लोक म्हणतात आरशासारखा झाला. पण सिमेंटच्या रस्त्याला सांधे असतात आबा, आणि दर सांध्याला चाक ठक् करतं. धडधाकट माणसाला ते कळत पण नाही. मायला प्रत्येक ठक् मणक्यात कळतं. आणि जिथं काम अर्धवट सोडलंय, तिथलं तर विचारूच नका.

गाडी तुमच्या नातवाची. त्याचे जेसीबी चालतात, विहिरी, शेततळी, रस्त्यांची कामं, बरं चाललंय. हैदराबादेहून त्यानं जुनी परदेशी गाडी आणली. पांढरी, चामड्याच्या सीटची, दार लावलं की सगळं जग बंद. गल्लीत आली त्या दिवशी मायनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाली, "हिच्यात तर झोपून काशीला जाईन." तेव्हा रोग कळला नव्हता. तुमचे जावई त्या गाडीत बसत नाहीत, एसीत त्यांना मळमळतं, ते मोटारसायकलीवर शेताला जातात. पोराला कामातून सवड नाही. म्हणून मायला न्यायचं माझ्याकडं आलं, आणि चालवते मीच. शिकवलं तुम्ही, आता निस्तरते मी. दिसायला एवढी देखणी गाडी, पण बसल्यावर कळतं, खाली दगड बांधलेत. तुमची काळी-पिवळी जीप खडखड करायची, पण माणसाला धरून हलायची. ही गाडी आवाज करत नाही आणि नुसती मारते.

पोराला मी विचारलं, एवढ्या पैशाची गाडी अशी का आदळते रे? तर तो मोठ्या कौतुकानं सांगायला लागला. "मम्मी, तिचे टायर रनफ्लॅट हायेत. पंक्चर झालं तरी पळतात. सगळी हवा गेली तरी गाडी थांबत न्हाई, पुढच्या गावापर्यंत नेऊन सोडते."

"मग हवा भरतात कशाला?"

"तुला समजावून सांगण्यात काही अर्थ न्हाई," म्हणाला आणि फोनवर बोलायला गेला. त्या टायरांमुळं गाडीत स्टेपनी पण नाही. स्टेपनीची जागाच ठेवलेली नाही. मला तेव्हाच खटकलं होतं. जी गाडी कधी थांबायचंच नाही असं धरून बनवली, तिच्यात आजारी माणूस कसं न्यायचं?

तरी नेलं. मागच्या सीटवर गोधडी, दोन्ही बाजूंनी उशा, माय आडवी. पहिले काही आठवडे ती सांध्यासांध्याला "आई गं" म्हणायची. मग पदर तोंडात धरायला लागली. आरशात मला तिचं तोंड दिसायचं, डोळे घट्ट मिटलेले, पदराचा बोळा दातात. मी म्हणायचे, झालं माय, आलंच चाकूर, आलंच लातूर. आणि पाय दाबायचे. लवकर पोचलं की लवकर सुटली, एवढंच माझ्या डोक्यात. एकदा घरी आल्यावर तिला उतरवून खाटेवर टाकलं, तर ती भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आता बास. मला पुन्हा गाडीत घालू नको. मरायचं तर इथं मरते, रस्त्यावर नको."

मी लई बोलले तिला. समजूत घालणं मला जमत नाही, तुम्हाला माहीत आहे, मी भांडायला लागते. एवढं औषध लागू पडलं, एवढी धावाधाव केली, आणि तू आता अंग टाकतीस? तिनं तोंड वळवलंच नाही. तो आठवडा तसाच गेला. डॉक्टरला फोन केला तर म्हणाला, हा खाडा मी सांभाळून घेतो, या आठवड्यात कधी पण आणा, पण दुसरा झाला तर रोग पुन्हा उचल खाईल, मग माझ्या हातात राहणार नाही.

त्या दिवशी भाकरी थापता थापता मला तुम्ही आठवलात. तुम्ही म्हणजे तुमचा अंगठा. इस्लापूरहून आपण तिघं भोकरला परत येत होतो, कुणाच्या तरी लग्नाहून. जीप माणसांनी भरलेली, मी टपाकडं तोंड करून लोकांच्या मध्ये चेंगरलेले. फाट्यावर एक माणूस आडवा आला, हात जोडून, त्याची बायको अडली होती. तुम्ही सगळ्यांना खाली उतरवलं. एक फेटेवाला कुरकुरला तर म्हणालात, "पाव्हणं, तुमची माय बी कुणाच्या तरी गाडीत अशीच गेली असंल." तो उतरला. मग तुम्ही त्या माणसाला बायको आणायला पाठवलं आणि स्वतः चाकाशी उकिडवे बसलात. आगपेटीतली काडी काढली, टायरच्या हवा भरायच्या वॉलमध्ये दाबली. सूं सूं हवा जायला लागली. मधेच थांबून अंगठ्यानं टायर दाबून बघायचं, पुन्हा काडी. एका चाकाचं झालं की दुसरं. मी विचारलं, आबा, चांगली हवा का सोडून राहिले? तुम्ही म्हणालात, टायरचं जरा पोट सुटलं पाहिजे, म्हणजे खड्डा टायरनं खायचा, बाईनं नाही. भोकर-हिमायतनगरकडं या गोष्टीला बाळंतिणीची हवा म्हणायचे. लेकीला न्यायचं असलं की माणसं स्टँडवर येऊन सांगायची, आबा, उद्या बाळंतिणीची हवा करून या. बाई उतरली की तुम्ही पायपंप काढायचे आणि मी त्याच्यावर दोन्ही पायांनी उड्या मारायचे, टायर पुन्हा कडक होईपर्यंत.

त्या दिवशी बाई मागं, मायच्या मांडीवर तिचं डोकं. जीप अशी चालली होती की चालते आहे का उभी आहे कळू नये. बाई ओरडायची, माय तिच्या कपाळावरून हात फिरवायची, आणि मला ते ऐकवेना. मी मागून तुमच्या खांद्याला धक्के द्यायला लागले, पळवा की आबा, पळवा की, ती मरून राहिली! तुम्ही ब्रेक लावला. रस्त्याच्या मधोमध. मागं वळून माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "वरडणं तिचं हाय. घाई तुझी हाय. उतर खाली." मला उतरवलंत, आणि तो खराब पट्टा संपेपर्यंत मी जीपच्या बाजूनं चालत आले. पळायची गरजच पडली नाही, इतकी ती हळू होती. दवाखान्याच्या दारात बाई स्वतःच्या पायानं उतरली. मी तुमच्याशी रुसून होते, त्या रात्री जेवले पण नाही.

तर ते आठवलं आणि मी पीठ भरल्या हातानं बाहेर आले. आगपेटी घेतली. गाडीच्या टायरचं टोपण काढलं, काडी दाबली, सूं सूं. अंगठ्यानं दाबलं, काही नाही. अजून सोडली. लाथ मारून बघितली, पाय दुखला. टायर जसंच्या तसं उभं, पोट सुटायचं नाव नाही. मला वाटलं, मोठी गाडी आहे, हिला जास्त सोडावी लागत असेल. चारी चाकांची सोडली. मग आत जाऊन मायला म्हणलं, "चल. आबांची हवा केलीय."

ती उठली, आबा. मी एवढे दिवस डोकं फोडून राहिले तेव्हा हलली नाही, आणि तुमचं नाव काढल्याबरोबर उठून बसली. "खरंच?" म्हणाली. "चारी चाकांची?" चारी चाकांची, म्हणलं. लुगडं बदलून, चपला घालून तयार.

विष्णुपुरी ओलांडली नाही तोच गाडी बोंबलायला लागली. समोर पिवळा दिवा, टुंग टुंग आवाज, इंग्रजीतून काहीतरी लिहिलेलं. बंदच होईना. आणि दणके? आधीसारखेच, उलट गाडी आता डुलत पण होती. माय मागून म्हणाली, "काय वाजून राहिलं? फुटतंय का काही?" मी म्हणलं, काही नाही, पडून राहा. तेवढ्यात एक सांधा बसला आणि ती कण्हली. "माघारी घे. ही तुझ्या आबांची हवा न्हाई. तू मला फसवून आणलंस." मी गाडी वळवली. मला राग आला, तुम्हाला खरं सांगते, तिचा नाही, तुमचाच आला. एवढी एक गोष्ट तुमच्याकडून शिकले होते आणि ती पण चालली नाही. आणि तुमच्या नावावर ती पुन्हा उठणार नव्हती.

पोरगा संध्याकाळी आला, दिवा बघितला, टायर बघितले. "चारी टायरची हवा सोडली? काडी घालून?"

"तुझा आज्जा सोडायचा."

"आज्ज्याची जीप हाय का ही? मम्मी, ह्या टायरची बाजूच कडक असते. हवा न्हाई तरी गाडीचं वजन झेलायचं म्हणून तसंच बनवलंय. तू रिकामं केलंस तरी ते वाकणार न्हाई."

"मग काढून टाक ते. साधे बसव."

तो हसला, मग बघितलं की मी हसत नाही. मग लागला समजवायला. कंपनीनं हेच दिलेत, गाडी यांच्यावरच शोभते, टायर अजून अर्धे पण झिजले नाहीत. शेवटी खरं बोलला. "साधं टायर पंक्चर झालं, रस्त्यात, माळाकोळीच्या पुढं, तू आणि आजी दोघीच. मग काय करणार? हे टायर हायेत म्हणून मी तुम्हाला दोघींना सोडतो." त्याचं चूक नव्हतं. त्याला आमची काळजी होती आणि मला हाडांची. पण त्याची काळजी कधीतरी होईल त्याची होती, आणि माझी दर आठवड्याला होते त्याची. मी म्हणलं, पंक्चर झालं तर मी बदलीन, मला येतं. तिचे मणके बदलता येतात का तुला? तो उठून गेला. सकाळी किल्ली ओट्यावर ठेवलेली होती.

नांदेडला टायरच्या दुकानात चाचा बसलेले, मेंदी लावलेली दाढी, तोंडात पान. मी सांगितलं, हे चारी काढा आणि असे बसवा की गाडी उशीवर चालल्यासारखी वाटली पाहिजे. चाचा म्हणाले, "बाई, लोगां उल्टा करते. सादा निकालके ये डालते. बेटे को पूछा क्या?"

"बेट्याला मी पुसत नसते चाचा, बेटा मला पुसतो."

चाचा इतके हसले की पान सांडलं. मग मात्र नीट बोलले. रनफ्लॅटचं एक टायर आणि साधं एक, दोन्ही उभे धरून मला गुडघ्यानं दाबायला सांगितलं. एक भिंतीसारखं, दुसरं जरा आत गेलं, गादीला कोपर लावावं तसं. "ये आराम देता, पर ये रुकाएगा बी. हवा गई तो गाडी वहींच खडी. स्टेपनी रखना पडती, डिकी आधी भर जाती. और खड्डे में जोर से मत मारना, इसकी बाजू नरम हय, कट जाती." मी म्हणलं, मला गाडी शिकवू नका, टायर बसवा. स्टेपनी घेतली, जॅक घेतला, पाना घेतला. चाचांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली आणि म्हणाले, चलाओ. लिंबं फुटली. दुकानासमोरच्या स्पीड ब्रेकरवरून गाडी गेली तर मी मागं वळून बघितलं, गेला का खरंच ब्रेकर?

मायसमोर आता तुमचं नाव घ्यायची सोय नव्हती. मी खाटेच्या कडेला बसले आणि म्हणलं, "टायर बदलले. ही माझी अक्कल हाय, आबांची न्हाई. एवढ्या एका वेळी चल. दुखलं तर मी पुन्हा कधी चल म्हणणार न्हाई. तुझं खरं."

"पुन्हा म्हणणार न्हाईस?"

"न्हाई."

"तुझा काय भरवसा," म्हणाली. पण आज सकाळी उठून बसली.

आज सकाळची गोष्ट सांगते. लोह्यापर्यंत मी श्वास धरून होते. सांधे यायचे, पण ठक् नाही, थप्. दुरून कुणी गोधडी झटकावी तसं. आरशात बघितलं, पदर तोंडात नाही. माळाकोळीला तिनं पाणी मागितलं. गाडीत तिनं पाणी मागितलेलं मला आठवत नाही. "बरं हाय," म्हणाली, "तुझ्या अक्कलंचं." मला असं झालं की गाडीतून उतरून रस्त्यावर फुगडी घालावी. अहमदपूर गेलं. रस्ता मोकळा, गाडी मऊ, आवाज नाही, दणका नाही. जीव हलका झाला की माझा पाय जड होतो. किती वेगात होते ते मला कळलंच नाही, मऊ गाडीत कळत नाही ते. पुढं काम चालू होतं. सिमेंटचा पट्टा एकदम संपला आणि खाली मुरूम, मध्ये वीतभर पायरी. मी बघितली तोवर उशीर झाला होता.

धाड. माय एकदाच ओरडली, मोठ्यानं, आणि मग काहीच आवाज नाही. गाडी डावीकडं ओढायला लागली. मी कडेला घेतली, उतरले, आधी मागचं दार उघडलं. माय उशांच्या मध्ये अर्धी खाली घसरलेली, डोळे उघडे. "माय? माय, बोल की." तिनं हात वर केला, गप्प बस म्हणून. मग पुढं जाऊन बघितलं. पुढचं डावं टायर कापलं होतं, गाडी त्या बाजूला बसली होती. जुने टायर असते तर हीच गाडी तशीच लातूरपर्यंत गेली असती. चाचा म्हणाले होते. पोरगा म्हणाला होता. सगळे म्हणाले होते.

बाजूला तुरीचं रान, वाळून गेलेलं, सावली म्हणून एक बाभळ. मी मायला तसंच गाडीत ठेवून दोन्ही दारं उघडी टाकली, वारा यावा म्हणून. स्टेपनी ओढून काढली. बोल्ट निघेना, पान्यावर उभी राहून अंगाचा भार दिला तेव्हा हलला. घाम डोळ्यात जात होता. चाक बदलणं मला काही अवघड नाही, आबा, अवघड हे होतं की चाक बदलून झाल्यावर गाडी कुणीकडं वळवायची ते मला ठाऊक नव्हतं. मी शब्द दिला होता. दुखलं तर पुन्हा म्हणणार नाही. आणि माघारी वळवली तर दुसरा खाडा. म्हणून मी बोल्ट आवळलेलेच पुन्हा आवळत बसले.

"झालं का तुझं?" आतून आवाज आला.

"झालं."

"मग इकडं ये. बस जरा."

"बसायला वेळ कुठाय? नंबर जाईल."

"जाऊ दे नंबर. बस म्हणते ना."

मी दाराच्या पायरीवर बसले, तिच्या पायांपाशी. ती आभाळाकडं बघत म्हणाली, "टायर नवं आणलंस. पाय तोच हाय तुझा."

मला असा संताप आला. "तुझ्यासाठीच पळवते ना! तू वरडतीस म्हणून. लवकर पोचलं की लवकर संपतं तुझं."

"मी कुठं वरडते?"

"सुरुवातीला वरडायचीस."

"हां. वरडले की तू पाय दाबायचीस. म्हणून मी वरडणं सोडलं." ती इतक्या साध्या आवाजात म्हणाली, जणू भाजीत मीठ किती घातलं ते सांगते आहे. "पदर धरला तोंडात. दाबून धरलं की लई दुखतं बघ. वरडलं की थोडं बाहेर जातं. तुला सांगणार होते, पण तुझ्याशी बोलायचं म्हणजे आधी तू थांबायला पाहिजे."

मी हातातला पाना खाली ठेवला. एक ट्रक भोंगा वाजवत गेला, त्याच्या धुरळ्यात आम्ही दोघी. तिनं पाय हलवून माझ्या पाठीला लावला, जरा ढकलल्यासारखं. मी विचारलं, "कुणीकडं वळवू?"

"लातूरला निघालो होतो ना आपण?"

"मी म्हणलं होतं, दुखलं तर..."

"दुखलंच हाय. पण ते टायरनं न्हाई." मग म्हणाली, "चल. आणि मला वरडू दे."

तिथून इथपर्यंत चाळिसाच्या पुढं काटा गेला नाही. मागून सगळे शिव्या देऊन गेले, ट्रॅक्टरवाले पण. आणि माय ओरडली, आबा. सांध्याला ओरडली, ब्रेकरला ओरडली, मऊ टायर असून ओरडली, कारण आधीचं साठलेलं लई होतं. मधेमधे सरकारला शिव्या, रस्त्याच्या ठेकेदाराला शिव्या, मला शिव्या, जेसीबीवाल्या नातवाला पण एक. शिरूरला चहा मागितला. चहाच्या टपरीवरच्या बाईनं विचारलं, आज्जीला काय झालंय? तर माय म्हणाली, "काही न्हाई, पोरीनं आदळलं." चाकूर मागं गेलं तेव्हा तिचा आवाज बसला होता आणि ती झोपली. तोंड उघडं, घोरत. मी आरशातून बघत होते, पदर खांद्यावर होता, जिथं असायला पाहिजे तिथं.

पोराचा फोन आला होता, टायर ठीक आहेत का म्हणून. मी हो म्हणलं. कापलेलं टायर डिकीत आहे, घरी गेल्यावर बघेल, बोलेल, बोलू दे. पुढच्या वेळी मी पुन्हा साधंच टायर घेणार, तेवढं ठरलेलं आहे.

सिस्टर दारात येऊन हात करून राहिली, सलाईन संपली वाटतं. उठते. आत ठेवून आले तेव्हा माय काय करत होती माहीत आहे का? मी पिशवी ठेवत होते आणि ती सिस्टरला म्हणत होती, पुढल्या आठवड्याचं आत्ताच लिहून घे गं पोरी, सकाळचा नंबर दे, आम्हाला यायला वेळ लागतो. मी तिला पुन्हा चल म्हणणार नव्हते आणि मला म्हणावं पण लागलं नाही.

हे कागद सीटखाली सारून देते. पोस्टात टाकायचे नाहीतच, आणि घरी कुणाला दाखवायचे पण नाहीत. फक्त एक राहिलं. आज ती ओरडली तेव्हा दर वेळी माझा पाय आपोआप खाली जात होता. दर वेळी. शिरूरच्या पुढं मी चप्पल काढून टाकली, अनवाणी चालवली, म्हणजे पाय कुठं आहे ते कळतं. मला तिचं ओरडणं ऐकवत नाही आबा, तेव्हा त्या बाईचं ऐकवत नव्हतं आणि आता मायचं ऐकवत नाही. पळवत होते ते माझ्याचसाठी. हे मी तिला सांगितलेलं नाही. ती तुमच्याकडं आली तर तुम्ही पण सांगू नका. पण एवढ्यात यायची नाही ती. पुढल्या आठवड्याचा नंबर तिनं स्वतः लावलाय.